तबकड्यांची फाळणी झाली नाही

उल्हासनगर तसे कालपरवाचे गाव. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली आणि १९४९ मध्ये वसाहतीचे उल्हासनगर झाले. पत्ता सांगताना लोक अजून कॅम्पाचा नंबर सांगतात. सिंधचे सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या 'रिसालो'तले अध्याय 'सूर' म्हणून ओळखले जातात, आणि पहिलाच सूर कल्याण! निव्वळ योगायोग, पण मला तो सोडवत नाही.

माणसे वाटली गेली; गाणे वाटता आले नाही. बडे गुलाम अली खाँ कसूरचे. १९४७ नंतर ते पाकिस्तानात होते, पुढे इकडे आले आणि १९५७ मध्ये भारताचे नागरिक झाले. उल्हासनगरच्या सिंध्याला परतीची वाट नव्हती. खाँसाहेबांनी सरहद्द दुसऱ्यांदा ओलांडली. त्यांची एलपी लावली की या हेलपाट्यांचा मागमूस लागत नाही.

अशी जुनी एलपी हवी असेल तर बदलापूर-अंबरनाथच्या शौकिनाने लोकलने सँडहर्स्ट रोड गाठावे आणि चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जावे. शुक्रवारी दुकाने बंद. शेजारीच भेंडीबाजार. मुरादाबादकडचे छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू येथे स्थायिक झाले आणि मोहल्ल्याचे नाव घराण्याला लागले. छज्जू खाँचे चिरंजीव अमानअली खाँ १९५३ मध्ये गेले, आपल्याकडे एलपीचा जमाना येण्याआधीच. त्यांच्या सरगमेचा अंदाज घ्यायचा तर अमीर खाँची एलपी शोधावी लागते. म्हणजे भेंडीबाजारचा उस्ताद भेंडीबाजारच्या शेजारी विकत घ्यायचा, तोही दुसऱ्याच्या गळ्यातून!

घेताना तबकडी तिरप्या उजेडात धरावी; ओरखडे तेव्हाच दिसतात. अठ्ठ्याहत्तरची लाखेची तबकडी पडली की फुटते आणि तिला जाड सुई लागते. विनाइलची फुटत नाही, उन्हात वाकते. वेष्टन एकाचे आणि आत गाणे दुसऱ्याचे, हेही नेहमीचेच.

२६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूर, उल्हासनगर या भागांत पाणी घरांत शिरले. विनाइलला पाण्याचे फारसे काही वाटत नाही. पाणी खाते वेष्टन आणि मधला कागद. चिखल हलक्या हाताने धुतला की खाचा पुन्हा बोलतात, गवयाचे नाव तेवढे गेलेले असते. अशी बेनाव तबकडी हाती आली तर सुईखाली ठेवावी आणि घराणे गळ्यावरून ओळखावे.