पट्टीची रुंदी व तिचे माप

शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडमधील व्यापारी जे. पीटर स्टाइडलमायर यांनी १९८० नंतरच्या दशकात ‘मार्केट प्रोफाइल’ ही आलेखपद्धती प्रचारात आणली. तीत दर अर्ध्या तासास एक अक्षर नेमलेले असे. त्या अवधीत ज्या ज्या भावास सौदे होत, त्या त्या भावापुढे ते मांडले जाई. अक्षराची रुंदी ठरलेली. त्यामुळे दोन दिवसांचे आलेख शेजारी ठेवून सरळ ताडता येत.

पुढे संगणकाच्या पडद्यावर अक्षरांशेजारी उलाढालीच्या पट्ट्या आल्या, आणि येथेच माप निसटले. दिवसातील सर्वांत लांब पट्टी ठरीव रुंदीत बसवून इतर तिच्या प्रमाणात आखण्याचा प्रघात पडला. समजा, ती पट्टी एके दिवशी ५०,००० करारांची व दुसऱ्या दिवशी ५,००० ची आहे. पडद्यावर दोन्ही सारख्याच!

डेल्टाची गत याहून बिकट. विक्रेत्याने मागितलेल्या भावास ६०० करार व ग्राहकाने देऊ केलेल्या भावास ४०० करार झाले, तर बाकी २००. हीच त्या दिवसाची कमाल बाकी असेल आणि तिला स्वतंत्र माप लावले, तर ती १,००० च्या पट्टीइतकी लांब दिसू शकते. दोहोंस एकच माप लावल्यास डेल्टा आखूड, क्वचित अदृश्यच होते. तरीही प्रस्तुत लेखकास एकच माप ग्राह्य वाटते. खरेदी-विक्रीचा समतोल त्या आखूडपणातूनच कळतो.