तार आणि तिचा राखणदार

लोणावळ्यास लागून असलेल्या कुसगांवचा सारा टापू मुसळधार पावसाचा. येथील इंद्रायणीचें पाणी स्वभावतः भीमेच्या वाटेनें पूर्वसमुद्रास जावयाचें. तें अडवून पश्चिमेस खोपोलीकडे उतरवावें, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग यांनीं मांडली व जमशेटजी टाटांनीं ती उचलून धरली. जमशेटजी १९०४ सालीं निवर्तले. पण १९१० त कंपनी स्थापन झाली, १९११ त लोणावळ्यास कामाची कोनशिला बसली आणि १९१५ त खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली.

घाटांतून उतरणाऱ्या पाण्याचा दाब पायथ्याशीं सर्वांत अधिक. म्हणून तेथें नळाचा पत्राहि जाड लागतो. ज्याच्यावर जेवढा भार, त्यास तेवढें बळ, हा न्याय घरांतील तारेसहि लागू आहे. मात्र तारेचा शत्रु दाब नसून उष्णता होय. जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ त दाखविलें कीं, प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. बारीक तारेंतून मोठा प्रवाह गेला कीं तिचें वेष्टण वितळतें आणि भिंतींतल्या भिंतींत आग धुमसूं लागते.

यावर एडिसननें उपाय योजला. १८८० त पेटंट घेतलेल्या त्याच्या युक्तींत वाटेवर मुद्दाम एक दुबळी तार ठेवलेली असते. भार वाढतांच ती वितळून स्वतः नष्ट होते व घर वांचवितें. हाच आपला फ्यूज. आपल्याकडे जुन्या घरांत दिव्यांस तीन-बावीस व शेगडीस सात-वीस अशा मापाची तार घालीत. पहिला आंकडा पदरांचा, दुसरा जाडीचा. आणि गंमत अशी कीं, दुसरा आंकडा जितका मोठा, तितकी तार बारीक!

परंतु फ्यूज वारंवार जातो म्हणून लोक त्यांत जाड तांब्याची तार गुंडाळूं लागले. चोर येतो म्हणून कुत्र्याचें तोंड बांधावें, तसाच हा प्रकार. पुढें १९२४ त जर्मनींतील ह्यूगो श्टोट्झ यांनीं आपोआप पडणारा व पुन्हा उचलतां येणारा खटका सिद्ध केला. त्याचेच वंशज आज एम. सी. बी. या नांवानें घरोघर दिसतात.

साधन बदललें, मोह मात्र तोच राहिला. खटका वरचेवर पडूं लागला कीं मोठ्या आंकड्याचा बसवून घेतात. वस्तुतः खटका यंत्राचा नव्हे, तारेचा राखणदार आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेस सामान्यतः १० अँपिअरचा, अडीचच्या तारेस १६ चा खटका शोभतो. दीडच्या तारेवर ३२ चा बसवून २५ अँपिअर ओढले, तर खटका स्वस्थ राहतो. पण १० अँपिअरच्या मानानें तारेंत सहापटींहून अधिक उष्णता उत्पन्न होते.

२००० वॅटचा पाणी तापविण्याचा बंब २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतो. त्याच तारेवर १००० वॅटची इस्त्री लावली कीं बेरीज १३ च्या घरांत जाते. अशा वेळीं १० चा खटका पडला तर तो त्याचा दोष नव्हे, इशारा होय. भार वांटून घ्यावा, अथवा जाणत्या कारागिराकडून आधीं जाड तार ओढवून घ्यावी. आणि मगच खटका बदलावा. हा क्रम उलटला कीं राखणदार झोंपतो आणि घर जागें राहून जळतें.