वस्तऱ्याचा निसणा : नैसर्गिक दगडाची पारख आणि वापर

जुन्या नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी आणि आरसा यांच्या सोबतीला तळहातावर मावेल असा एक गुळगुळीत दगडही असे. हाच निसणा. बदलत्या पात्यांचा वस्तरा आला आणि या दगडाचे काम सरले. आज असे दगड घरातल्या अडगळीत किंवा जुन्या बाजारात हाती लागतात. मात्र दगड कोणता हे न पाहताच त्यावर वस्तरा घासला, तर चांगले पाते खराब होते. आणि पाण्याच्या दगडावर तेल ओतले, तर दगडही कामातून जातो. म्हणून वापराआधी पारख आवश्यक ठरते.

भाजी चिरणाऱ्या सुरीची धार थोडी खरखरीत असली तरी चालते. वस्तरा मात्र थेट त्वचेवरून फिरतो. त्यामुळे त्याच्या निसण्याचे कण अतिसूक्ष्म आणि एकसारखे असावे लागतात. दगडातील एकच भरड कण किंवा कठीण शीर पात्याच्या धारेला खाच पाडण्यास पुरेशी असते.

प्रसिद्ध दगड

बेल्जियमच्या आर्देन प्रदेशात, व्हिएल्साल्मच्या परिसरात सापडणारा पिवळसर दगड ‘कोटिक्यूल’ म्हणून ओळखला जातो. मऊ अभ्रकी मातीत विखुरलेले स्पेसार्टीन जातीच्या गार्नेटचे सूक्ष्म कण त्यात कापण्याचे काम करतात. त्याचे थर जांभळट-निळ्या स्लेटला चिकटलेले असतात. जर्मनीतील थुरिंगियात श्टाइनाखच्या आसपास निघणारी स्लेट निळी, करडी किंवा पिवळसर हिरवी असते. तिथले खाणकाम थांबल्यामुळे ‘एशर’ची चिठ्ठी टिकून असलेल्या जुन्या नगांना मोठी किंमत येते. अमेरिकेतील आर्कान्साच्या वॉशिटा डोंगररांगांत मिळणारा नोव्हाक्युलाइट जवळजवळ शुद्ध सिलिकाचा, काचेसारखा घट्ट असतो. जपानमध्ये क्योतोजवळील नारुताकी आणि नाकायामा येथील दगड वस्तऱ्यासाठी नावाजलेले आहेत.

आपल्याकडे धारेसाठी परंपरेने वापरला जाणारा कुरुंद यांहून वेगळा. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हे नाव भारतीय भाषांतूनच गेले. काठिण्याच्या मोजपट्टीवर कुरुंद ९ वर, तर क्वार्ट्झ ७ वर. कुरुंदाची शाण लोखंड झपाट्याने खाते. पण वस्तऱ्याच्या अखेरच्या धारेला ती भरड पडते.

पारख कशी करावी?

प्रथम दगड कोमट पाणी आणि साबणाने धुवावा; मळ आणि तेल यांनी मूळ रंग झाकलेला असतो. मग ओल्या पृष्ठभागावर त्याच जातीचा छोटा तुकडा घासून निघणारा गाळ पाहावा. कोटिक्यूलचा गाळ दुधाळ, तर त्याच्या जोडीच्या निळ्या स्लेटचा जांभळट असतो. नोव्हाक्युलाइट गाळ जवळजवळ सोडतच नाही. त्याच्या उत्तम प्रतीच्या दगडाची कड दिव्यासमोर धरल्यास त्यातून प्रकाश झिरपतो.

वजनही साक्ष देते. दगडाचे हवेतील वजन घ्यावे, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून पुन्हा घ्यावे. हवेतील वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. शुद्ध क्वार्ट्झचा आकडा २.६५ आहे, नोव्हाक्युलाइट जितका सच्छिद्र, तितका आकडा त्याखाली येतो. गार्नेटमुळे कोटिक्यूल त्याहून जड भरते.

कारखान्यात बनलेला दगड भिंगाखाली ओळखू येतो. कण सर्वत्र सारखे चमकतात, पाणी चटकन शोषले जाते आणि बहुधा एक बाजू भरड, दुसरी बारीक असते. जपानी दगडांवरील शिक्क्यांवर मात्र विसंबू नये. शिक्का नंतरही उमटवता येतो.

वापर

दगड सपाट नसेल तर काचेवर पाणी शिंपडून ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून तो समतल करावा. कोरडा दगड कधीही घासू नये. सिलिकाची धूळ फुप्फुसांत गेल्यास सिलिकोसिससारखा असाध्य आजार जडू शकतो.

वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवावीत. पाठीच्या जाडीमुळे योग्य कोन आपोआप साधतो. धार पुढे ठेवून पाते सरकवावे, टोकाशी पोहोचल्यावर पाठीवर उलटवावे आणि दुसऱ्या बाजूने परत आणावे. जोर देऊ नये, पात्याचे वजन पुरेसे असते. कोटिक्यूलवर आरंभी दाट गाळ ठेवून थेंब-थेंब पाण्याने तो पातळ करत न्यावा. शेवटचे हात स्वच्छ पाण्यावर फिरवावेत. पाण्याचा असो वा तेलाचा, द्रव एकदा ठरला की बदलू नये. प्रकार निश्चित नसेल तर पाणीच वापरावे, कारण मुरलेले तेल काढणे कठीण. जपानी थरांच्या दगडाच्या बाजूंना लाखेचा लेप द्यावा, अन्यथा पाणी शिरून थर सुटतात.

यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे ठेवून पाते ४०-५० वेळा फिरवावे. ताणून न धरलेला केस नुसत्या स्पर्शाने तुटला, तर धार लागली असे समजावे. खाच पडलेल्या पात्याला बारीक निसणा सुधारू शकत नाही. ते काम आधी भरड दगडाचे.

असा वस्तरा एकाच व्यक्तीने वापरावा. कापल्या जागेतून रक्तावाटे हेपॅटायटिस आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. दुकानांतून प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते वापरण्यामागे हेच कारण आहे. घरी सापडलेला जुना दगड सुरीवर झिजवण्यापूर्वी वा फेकून देण्यापूर्वी एकदा धुऊन उजेडात पाहावा. ज्या खाणी बंद पडल्या आहेत, त्यांतला दगड पुन्हा मिळणार नाही.