दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या दांपत्यांसाठी

'एखादे बाळ असेल तर कळवा,' अशी विनंती घेऊन अपत्यहीन दांपत्ये धर्मगुरूंकडे आणि धर्मभगिनींकडे येत असतात. त्यांच्या दुःखाची आम्हास जाणीव आहे. तरीही बाळ असे परस्पर देता वा घेता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८० अन्वये विहित पद्धत डावलणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या कायद्याचे मोल ख्रिस्ती कुटुंबांना विशेष वाटावे. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपणास लागू नाही. पूर्वी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. मूल सज्ञान झाले की ते नाते कायद्यापुरते संपे आणि वारसाहक्कही आपोआप मिळत नसे. २००० चा बाल न्याय कायदा व त्यातील २००६ ची दुरुस्ती यांनी ही उणीव दूर केली. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस या कायद्याचा आधार घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात स्पष्ट केले.

नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजेच 'कारा'च्या संकेतस्थळावर करावी लागते. दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे आणि दोघांचीही संमती असावी. दोन वर्षांखालील बालकासाठी पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ हून अधिक नसावी. एकट्या स्त्रीस मुलगा वा मुलगी दत्तक घेता येते, एकट्या पुरुषास मात्र मुलगी घेता येत नाही.

यानंतर समाजसेविका घरी येते. पुष्कळांना ही भेट अपमानास्पद वाटते. वस्तुतः घर मोठे आहे की लहान, हे पाहण्यासाठी ती येत नाही. मूल हवे ते कोणाला, पतीला, पत्नीला की केवळ सासूबाईंना? घरातील वडीलधारी त्याला आपले मानतील काय? दत्तकविधानात पालकांसाठी मूल शोधले जात नाही, बालकासाठी पालक शोधले जातात. म्हणूनच गोऱ्या वर्णाचा आग्रह ऐकला की आम्हास खेद वाटतो. बालकाचे छायाचित्र व वैद्यकीय अहवाल पाहिल्यावर होकार कळविण्यास ४८ तास मिळतात. बालक घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, त्याची विचारपूस होते.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातही (कलम ११०) असे बालक दत्तक पालकांचेच अपत्य ठरते. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत त्यांचीच नावे लिहिली जातात. नागरी दाखल्यात जन्मदात्यांचा उल्लेख असल्यास तोही होतो. त्यामुळे दत्तक आदेशाची प्रत धर्मग्राम कार्यालयात अवश्य द्यावी.

आणखी एक अपेक्षा कोणत्याही अर्जात लिहून घेतली जात नाही. मुलाला त्याच्या दत्तकत्वाची गोष्ट लहानपणीच, आईवडिलांच्या तोंडून कळावी. आपल्या गावात ती शेजाऱ्यांना ठाऊक असतेच; लग्नाच्या मांडवात कोणीतरी बोलून जाते. शिवाय अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी तो स्वतः अर्ज करू शकतो.