आठव्या महिन्याचा हिशेब

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे मराठी मुलखात पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. सुश्रुतसंहितेने त्याचे कारण दिले: आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते. तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर आठमाशी गर्भावरचा एक अख्खा ग्रंथ आहे, म्हणजे ही समजूत केवळ आपली नव्हे. प्रत्यक्षात पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाची फुप्फुसे पक्की करत जातो आणि आठमाशाची उमेद सातमाशापेक्षा जास्तच असते. मग इतकी बाळंतपणे केलेल्या सुइणींना उलटे का दिसले? मला वाटते, चूक त्यांच्या नजरेची नव्हती, मोजणीची होती. दिवस गेल्याचा हिशेब कोणी चुकलेल्या पाळीपासून धरी, कोणी आधीच्या पाळीपासून. तिथेच महिन्याचा फरक पडे. आईच्या अशक्तपणामुळे किरकोळ जन्मलेले पुऱ्या दिवसांचे मूल सातमाशी ठरे आणि जगे. लग्नाला सात महिने होतात न होतात तोच झालेले धडधाकट मूलही सातमाशीच म्हटले जाई. त्या एका शब्दाने किती जणींची अब्रू राखली असेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा इतिहास औषधांच्या आधी या मोजणीचा आहे, आणि नांदेड जिल्ह्यातल्या माहूरसारख्या ठिकाणी तो अजून संपलेला नाही.

रेणुकेच्या नवरात्राने आणि दत्तजयंतीने ज्या गावाचे वर्ष बांधलेले आहे, तिथे शेवटच्या पाळीची तारीख विचारल्यावर ‘पोळा आठ दिवसांवर होता’ असे उत्तर येणे स्वाभाविक आहे. उत्तर पक्केही असते. पण 2022 मध्ये 26 ऑगस्टला आलेला पोळा 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे 14 सप्टेंबरवर गेला. नोंदवहीत गेल्या वर्षीची तारीख पडली की एकोणीस दिवस हुकले; तेहतिसाव्या आठवड्यातली बाई कागदावर छत्तिसाव्यात जाते. आपले ‘नऊ महिने नऊ दिवस’ तसे काही फार चुकीचे नाही. जर्मन डॉक्टर नेगेले यांचा नियम शेवटच्या पाळीत नऊ महिने सात दिवस मिळवतो. आकडा जवळचाच होता, सुरुवातीचा दिवस सैल होता. कोणी म्हणेल, सुइणीला तारीख लागतच नव्हती, पोटावर हात ठेवून ती महिना सांगे. तो हात खराच जाणता होता. पण हाताला आकार कळतो, वय नाही. कोलामांच्या पोडावर किंवा बंजारा तांड्यावर अर्धपोटी राहिलेल्या आईचे नवव्या महिन्यातले पोटही आठव्याइतकेच लागते.

मोजणीला खरी किंमत आली ती उपाय सापडल्यावर. अपुऱ्या दिवसांत कळा लागलेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाचा श्वासाचा त्रास कमी होतो, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी 1972 मध्ये दाखवले. आदिलाबादकडचा किनवट तालुका माहूरसह नांदेडला जोडला गेला त्याला तेव्हा सोळा वर्षे झाली होती, आणि नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय निघायला आणखी सोळा वर्षे जायची होती. इंजेक्शनचा पुरता गुण यायला एखादा दिवस तरी लागतो आणि नांदेड सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. म्हणून 2014 मध्ये केंद्र सरकारने चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या बाईला पुढे पाठवण्याआधी डेक्सामेथासोनचा पहिला डोस नर्सबाईनेच द्यावा, असे ठरवले.

त्याच सुमारास एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. सहा देशांत झालेल्या या चाचणीत नागपूर आणि बेळगावकडची गावेही होती. खेड्यापाड्यांत इंजेक्शने वाढली, पण नवजात मृत्यू घटले नाहीत, उलट हजारी साडेतीनने वाढले. ज्यांना इंजेक्शन मिळाले त्यांतल्या बहुतेकींची बाळे फार लहान नव्हतीच. अपायाचे खापर एकट्या मोजणीवर फोडता येणार नाही, संसर्गाचाही संशय होता. तरी पुढची चाचणी पाहा. बेळगावसह पाच देशांतल्या रुग्णालयांत सोनोग्राफीने आठवडे ठरवून 2852 बायकांवर ती झाली. 2020 मधला तिचा निकाल असा: स्टेरॉइड मिळालेल्या गटात नवजात मृत्यू 19.6 टक्के, न मिळालेल्या गटात 23.5. औषध दोन्ही चाचण्यांत तेच, डेक्सामेथासोन. दुसऱ्या खेपेला आठवडे नक्की होते आणि बाळाला सांभाळणारे हात जवळ होते.

यावर सर्वांत वजनदार हरकत सोनोग्राफीचीच आहे: ज्या यंत्राने दिवस मोजायचे, त्यानेच लिंगही दिसते. ज्या 1988 साली नांदेडचे महाविद्यालय निघाले, त्याच साली महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. तो का लागला, हे मराठवाड्याला सांगायला नको: 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. यंत्रावरचा पहारा सैल करा, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण दिवस ठरवण्याची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत अचूक असते, तेव्हा चूक आठवड्याभराचीच राहते, आणि लिंग भरवशाने दिसू लागते ते त्यानंतर. उशिरा केलेली तपासणी दोन-तीन आठवडे सहज चुकते. म्हणजे पहारा आणि मोजणी यांत वैर नाही, फक्त वेळ गाठावी लागते. माहूरच्या डोंगरातल्या बाईला ती गाठायची तर पाळी चुकताच आशाताईच्या वहीत तिचे नाव चढायला हवे, आणि ‘पोळा’ या शब्दापुढे त्या वर्षीची तारीख.