सातपुड्याची कावड

सातपुड्यात सांबर पडायचे ते बहुधा बैलगाडी न पोहोचणाऱ्या एखाद्या नाल्यात. बाण एकाचा असला, तरी ओझे साऱ्यांचे होई. भिल्ल आणि पावरा शिकाऱ्यांचे खरे कष्ट तिथून पुढे सुरू होत. ससा किंवा मोर खांद्यावर टाकून आणता येई. मोठ्या जनावराचे चारही पाय बांधायचे, मधून बांबू ओवायचा आणि पुढे-मागे दोघांनी खांदा द्यायचा. तुकडे करून दोन टोपल्यांत भरले, तर एकटा माणूसही तसल्याच बांबूच्या कावडीवर ते गावापर्यंत आणी. बांबू जंगलातलाच, दोर अंबाडीचा. चढताना वाहायला जड असे काहीच नाही. उतरताना मात्र हीच काठी सगळे ओझे पेलणार. ओझे वाहण्याचे इतके हलके साधन माणसाला क्वचितच सुचले असेल.

ही युक्ती किती जुनी, याची एक सुंदर नोंद पाली विनयपिटकात आहे. बौद्ध भिक्खूंनी ओझे कसे वाहावे, याचा नियम त्यातल्या चुल्लवग्गात घालून दिला आहे. दोन्ही टोकांना भार असलेली कावड त्यांना वर्ज्य. एका टोकाला भार असलेली काठी चालेल, दोघांच्या मध्ये धरलेली चालेल. डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर किंवा लोंबते ओझेही चालेल. दोन हजार वर्षांहून जुन्या या एका नियमात हमालीचे जवळजवळ सगळे प्रकार आले आहेत. सातपुड्याच्या पायवाटेवर त्यांतले बहुतेक आजही दिसतात.

कावडीसाठी बांबू निवडणे हे जाणत्याचे काम. सातपुड्यातला मानवेल इतर बांबूंच्या मानाने भरीव असतो, म्हणून तो वाकतो पण सहसा मोडत नाही. कोवळा बांबू ओला असताना भक्कम वाटतो आणि वाळला की दगा देतो; म्हणून पक्का झालेला, पावसाळा सरल्यावर तोडलेला घ्यायचा. तो उभा फाडला की चपटी पट्टी मिळते. ती मधे रुंद ठेवायची म्हणजे खांद्याला काचत नाही. टोकांकडे निमुळती करत न्यायची आणि शिंक्याचा दोर सरकू नये म्हणून तिथे खाचा पाडायच्या. दोन्ही पारडी सारखी भरली की काठी खांद्यावर तोल धरते. पाठीवरच्या गाठोड्याने माणूस पुढे झुकतो, डोक्यावरच्या मोळीने मान आखडते. कावडीत दोन्ही टळतात. शिवाय ओझे खाली न ठेवता मानेमागून काठी फिरवून खांदा बदलता येतो.

कावड्या दुडक्या चालीने का जातो, याचे उत्तरही या लवचिकपणात आहे. पावलागणिक काठीची टोके खाली-वर होतात. रॉजर क्रॅम या अमेरिकन संशोधकाने १९९१ मध्ये लवचिक काठ्यांवर ओझे देऊन माणसांना पळवून पाहिले. शरीराची ऊर्जा काही वाचली नाही, ती पाठीवरच्या ओझ्याइतकीच लागली. खांद्याला बसणारे धक्के मात्र पुष्कळ सौम्य झाले. कोसभर चाललेल्या खांद्याला याची किंमत कळते.

अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी वाट वेगळी धरली. तिथल्या आदिवासींच्या पाठीवरच्या लाकडी चौकटीवरून लॉइड नेल्सनने १९२० च्या दशकात ‘ट्रॅपर नेल्सन’ ही चौकट बाजारात आणली. आजच्या मांस वाहायच्या सांगाड्याच्या पिशव्या त्याच वाटेवरच्या. दाट झाडीत आणि खड्या चढावर तीच सोयीची, हे मान्य करावे लागते. लांब काठी झुडपांत अडकते, वळणावर दरडीला लागते. आणखी एक गोष्ट कावडीच्या कौतुकात झाकली जाऊ नये: कावड मुख्यतः पुरुषांच्या खांद्यावर राहिली. बायकांच्या वाट्याला चुंबळ आणि डोक्यावरची मोळी आली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची वाट बंद झाली, आणि ते योग्यच झाले. सातपुड्यातले यावलचे जंगल तर त्याआधीच, १९६९ मध्ये अभयारण्य झाले होते. कावड मात्र जंगलाबाहेर केव्हाच पोहोचली होती. कोजागिरीला सप्तशृंगीच्या गडावर खानदेशातले कावडीधारक तापी-नर्मदेचे पाणी घेऊन पायी जातात. देवीच्या अभिषेकाचे पाणी म्हणून ते सांडू नये याची काळजी मोठी, आणि तिथेही कामाला येतो तो काठीचा तोच तोल.

दोघांच्या मधली काठी देवळात गेली नाही. ती डोंगरातच राहिली. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून अडलेली बाळंतीण किंवा तापाने फणफणलेला माणूस अजूनही बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणावा लागतो. वर्तमानपत्रे तिला ‘बांबूलन्स’ म्हणतात. नाव चटकदार आहे, पण झोळीत माणूस आहे आणि खांदा देणाऱ्यांना कित्येक मैल उतरायचे आहे. पावसाळ्यात नाले भरले की खांदेकरी काठावर थांबतात. त्या पाड्यांना आधी रस्ता आणि पूल हवा आहे.