कोळसा-पोलाद समुदायाची कुळकथा

फ्रान्सच्या लोरेन प्रांतात लोहखनिज मुबलक, पण ते वितळवायला लागणारा कोक यायचा जर्मनीच्या रूर खोऱ्यातल्या कोळशापासून. आजच्या युरोपीय संघाचे मूळ या अडचणीत आहे. १८७०, १९१४ आणि १९३९ अशी तीन युद्धे या दोन देशांत झाली. त्यामुळे १९४५ नंतर फ्रान्सचे धोरण ठरलेलेच होते: जर्मनीला पुन्हा डोके वर काढू द्यायचे नाही आणि तिचा कोळसा मात्र मिळवायचा. जाँ मोने यांनी आखलेली फ्रान्सच्या पुनर्उभारणीची योजनाही याच कोळशाच्या भरवशावर होती.

अमेरिकेला मात्र दुबळी जर्मनी परवडणारी नव्हती. जून १९४७ मध्ये परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी मदत देऊ केली, ती युरोपीय देशांनी मिळून आराखडा करावा या अपेक्षेने. त्यातून एप्रिल १९४८ मध्ये सोळा देशांची आर्थिक सहकार्य संघटना उभी राहिली आणि चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर आले. पण या संघटनेत कोणत्याही सरकारला नको ते होत नसे. पुढे बर्लिनची नाकेबंदी झाली, शीतयुद्ध तापले आणि जर्मन पोलादावरची वार्षिक १ कोटी ११ लाख टनांची मर्यादा वाढवण्याचा आग्रह सुरू झाला. मे १९५० च्या लंडन बैठकीत फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमन यांना काहीतरी मांडणे भागच होते.

तोडगा मोने यांनी काढला. मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी मसुदा पुन्हा पुन्हा लिहिला: दोन्ही देशांचा सगळा कोळसा आणि पोलाद एका सामाईक उच्चाधिकार मंडळाखाली आणायचे, आणि इतर देशांनाही दार उघडे ठेवायचे. शूमन स्वतः सरहद्दीवरचे. जन्म लक्झेंबर्गचा, शिक्षण जर्मनीत, राजकारण फ्रान्समध्ये. ९ मे १९५० च्या सकाळी त्यांचा निरोप बॉनला पोहोचला, चान्सलर आडेनाउअर यांनी होकार दिला आणि त्याच संध्याकाळी पॅरिसमध्ये घोषणा झाली. ब्रिटनने अंग काढून घेतले. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी १८ एप्रिल १९५१ रोजी करारावर सह्या केल्या.

मंडळाने हात घातला तो रोजच्या व्यवहाराला. रेल्वेभाड्याचेच पाहा. पल्ला लांबला की टनामागचा दर उतरतो. पण मालगाडी सरहद्दीपलीकडे गेली की पल्ला पुन्हा शून्यापासून मोजत आणि माल महाग पडे. १९५५ पासून सलग भाडेदर लागू होऊ लागले. मंडळ खाणी आणि कारखान्यांकडून थेट कर घेई, कामगारांच्या घरांसाठी पैसा देई. ३० एप्रिल १९५३ रोजी लक्झेंबर्गमधल्या बेलवालच्या कारखान्यात मोने यांच्या उपस्थितीत ‘युरोप’ अशी अक्षरे असलेली पोलादाची लगड ओतली गेली. दुसऱ्या दिवशी सहा देशांची पोलादाची बाजारपेठ एक झाली.

सगळेच साधले नाही. १९५९ मध्ये न विकलेल्या कोळशाचे ढीग साचले, तेव्हा मंडळाने मागितलेले आणीबाणीचे अधिकार सदस्य सरकारांनी नाकारले. तरी घडी बसली होती. त्याच सहा देशांनी १९५७ मध्ये रोमचा करार करून आर्थिक समुदाय स्थापला.

या कथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो घटनाक्रम. युद्ध संपून पाचच वर्षे झाली होती. फ्रेंच आणि जर्मन यांच्यात विश्वास नव्हता. फ्रान्सला कोळशाची हमी हवी होती, जर्मनीला बरोबरीचे स्थान, आणि एका करारात दोघांनाही हवे ते मिळाले. विश्वास नंतर, एका टेबलाशी बसून भाडेदर ठरवताना वाढला. शेजाऱ्याशी आधी मने जुळू देत, मग व्यापार करू, असे म्हणणाऱ्या प्रत्येक देशाने हा क्रम अभ्यासावा.